इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर मोजणाऱ्या साइट्सवर किती भरवसा ठेवावा

मुलगा-सून कॅलिफोर्नियात आणि आई-बाबा सुदामा नगरात, अशी घरं इंदुरात आता गल्लोगल्ली आहेत. तिकीट काढण्याआधी दोन शहरांची नावं टाकून अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारी साइट उघडली जातेच. या साइट्सचं अंतर चोख असतं, तास मात्र अंदाजपंचे.

अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत आखूड रेघ. इंदूर–सॅन फ्रान्सिस्को ती साधारण १३,०४० किमी भरते. दोन साइट्समध्ये थोडेफार किमी इकडेतिकडे होतात, कारण कोणी राजवाड्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून. शिवाय कोणी पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल धरतं. ते सोडून द्या.

वेळेचं गणित मात्र भाबडं आहे: अंतर भागिले ताशी ८०० किंवा ९००, वर अर्धा तास. ८०० धरले तर पावणेसतरा तास, ९०० धरले तर पंधरा. आणि हे सगळं इंदुराहून थेट जाणाऱ्या विमानाचं, जे मुळात नाहीच! वारा या गणितात नसतो. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता सुमारे १,४०० किमीने वाढला, पण पाठीवर वारा मिळाल्याने वेळ कमी झाला. बंद आकाशही साइटला कळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली, तेव्हा रेघ होती तिथेच राहिली आणि विमानं वळसा घालू लागली.

मग या साइट्स कशाला वापरायच्या? कुठून जावं हे ठरवायला. इथे 'ग्रेट सर्कल मॅपर' सगळ्यांत उजवं. शहराच्या नावाऐवजी विमानतळाचं तीन अक्षरी कोड टाकायचं, मध्ये आडवी रेघ, की टप्प्यांसकट मार्ग नकाशावर येतो. आकडा मैलांत आला तर १.६ ने गुणा. दिल्लीमार्गे ६६० अधिक १२,३८० किमी, म्हणजे थेट रेघेइतकंच. दिल्ली जवळपास त्या रेघेवरच आहे. मुंबईमार्गे मात्र हजारेक किमी जास्त. मुंबईत भाऊ राहत असेल तर गोष्ट वेगळी.

नावं टाकणाऱ्या साइट्सवर जपून. 'औरंगाबाद' लिहिलं की कधी बिहारचं उघडतं, 'हैदराबाद' कधी सिंधमधलं. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून नुसतं 'मुंबई' लिहूनही भागत नाही.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यामागे साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. दिल्लीहून पहाटे ४ ला निघून सोळा तास उडलं, तर उन्हाळ्यात त्याच सकाळी साडेसातला उतरतात. बाबा म्हणतील, साडेतीन तासांत अमेरिका!

खरा वेळ हवा असेल तर विमानांचा माग ठेवणाऱ्या 'फ्लाइटरडार२४' साइटवर फ्लाइट नंबर टाकून मागच्या आठवड्याच्या नोंदी बघा. त्यात इंदूर–दिल्लीचा दीड तास, इंदुरात आधी पोहोचायचे दोन तास आणि दिल्लीतले किमान चार तास मिळवा. दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर सामान दिल्लीत घेऊन पुन्हा द्यावं लागतं, आणि देशातल्या टप्प्यावर बहुधा १५ किलोच फुकट असतात. लोणच्याच्या बरण्या तेवढ्या हिशेबाने भरा.