ट्रायजेमिनलचा 'कायमचा इलाज' म्हणून माझे ८४,१०० रुपये गेले, सावध राहा

ट्रायजेमिनल न्युराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचं दुखणं, ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दात घासताना, तोंड धुताना, नुसता वारा लागला तरी गालातून करंट गेल्यासारखी कळ येते, टिकते काही सेकंदच, पण ती परत कधी येईल या धास्तीने घास चावायचीही भीती वाटते. साध्या पेनकिलरचा काडीचा उपयोग नाही. त्यात माझी एक चांगली दाढ आधीच उपटून झालेली, कारण सुरुवातीला सगळ्यांना हे दाताचंच वाटतं. एवढं लिहितेय कारण "शिकलेली बाई अशी कशी फसली" म्हणणारे भेटलेत. आठवडाभर हे दुखणं सोसा आणि मग बोला.

न्यूरॉलॉजिस्टने दिलेली कार्बामाझेपिनची गोळी चालू होती, फरकही होता, पण डोस वाढवला की चक्कर, सगळं दोन-दोन दिसायचं. ऑपरेशनचं नाव काढलं की घरचे घाबरायचे. अशात मोबाईलवर जाहिरात आली, "नस मोकळी करतो, ऑपरेशन नाही, गोळी कायमची बंद." पुढचं तुम्हाला माहितीच आहे, एकदा नंबर दिला की फोनवर फोन. नोंदणी २,१००. मग "नर्व्ह स्कॅन" ८,५००, म्हणजे पेनासारखं यंत्र गालावरून फिरवायचं आणि लॅपटॉपवर लाल-हिरवे पट्टे दाखवायचे. मग कोर्स ४६,०००, त्यात मालिश आणि बिनलेबलच्या डबीतली तपकिरी पावडर.

माझं दुखणं उजवीकडे. तिथल्या इलाजवाल्याने यंत्र फिरवलं डाव्या गालावर आणि लाल पट्टा दाखवून म्हणाला, "बघा ताई, इथे ब्लॉक आहे." मी म्हटलं अहो दुखतं उजवीकडे, तर जराही न अडखळता, "मूळ डावीकडे असतं, कळ उजवीकडे फेकली जाते." तिथेच उठायला हवं होतं! आठवलं की आजही अंगाची आग होते. ही नस दोन्ही बाजूंना वेगवेगळी असते, एमआरआयमध्ये उजवीकडे रक्तवाहिनी नसेला टेकलेली स्पष्ट लिहिलेली, ती फाईल माझ्या मांडीवर होती आणि त्याने ती उघडलीसुद्धा नाही. पण बाजूला बसलेले पेशंट सगळे माना डोलावत होते, आणि मला तोंड उघडणंच मुश्किल, वाद काय घालणार होते मी.

आणि दुखणं खरंच थांबलं! मी सगळ्यांना सांगत सुटले. या आजारात असे शांत काळ आपोआप येतात, कधी आठवडे, कधी महिने, हे डॉक्टरांकडून नंतर कळलं. त्या माणसाला ते आधीपासून माहीत असणार, त्याचा सगळा धंदाच त्यावर चालतो. कळा परतल्या तेव्हा म्हणे "विष बाहेर पडतंय", दुसरा कोर्स २७,५००. तोही भरला, कारण पहिल्याने बरं वाटलं होतं ना. त्यात त्याच्या सांगण्यावरून गोळी एकदम बंद केलेली. हे कोणीही करू नका, गोळी कमी करायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळूच.

पैसे परत मागितले तर नंबर ब्लॉक. पोलिसांकडे गेले तर, "मॅडम, तुम्ही स्वतःहून दिलेत, जबरदस्ती कुठे झाली?" बँक म्हणते ओटीपी तुम्हीच टाकला. डॉक्टरांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्या ऑफिसात तासनतास बसवून सांगितलं की तो आमच्याकडे नोंदलेलाच नाही, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. अरे मग बिननोंदणीचा माणूस इलाज करतोय हीच तर माझी तक्रार आहे! पावडर तपासा म्हटलं तर पावती आणा, आणि पावतीवर लिहिलंय "वेलनेस सल्ला". पावडर नाही, आजार नाही, इलाज शब्दसुद्धा नाही. पैसे भरतानाच पावतीवर काय लिहिलंय ते वाचा. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, प्रत्येक ठिकाणी तीच गोष्ट पहिल्यापासून, आणि बोललं की कळ. एकानेही खुर्ची पुढे केली नाही.

ज्याला खरंच उपचार करायचेत तो आधी एमआरआय बघतो, कुठली बाजू, नसेची कुठली फांदी विचारतो. कार्बामाझेपिन सोसत नसेल तर ऑक्सकार्बाझेपिन आहे, पण त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, ते तपासत राहा. औषधांनी भागत नसेल तर रक्तवाहिनी नसेपासून दूर करायचं ऑपरेशन आहे, रेडिओफ्रिक्वेन्सी (सुईतून उष्णता देऊन नस बधिर करणं) आहे, गामा नाईफ (चीर न देता नसेवर किरण सोडणं) आहे, आणि यातलं काहीही केलं तरी दुखणं परत येऊ शकतं हे चांगला सर्जन स्वतःहून सांगतो. "गॅरंटी" शब्द आला की फोन ठेवा. डबीवर नाव नसलेलं काहीही पोटात घालू नका.

माझी तक्रार अजून "प्रोसेसमध्ये" आहे. जाहिरात दुसऱ्या नावाने परत सुरू झालीये, यंत्र तेच, लाल पट्टे तेच, फक्त नोंदणी आता ३,१०० केलीये.