न उघडलेल्या डब्याचे ४१ हजार

मेढ्यात माझं खत-बियाणांचं छोटं दुकान आहे. जावळीतल्या वाड्यावस्त्यांवर माल मलाच पोचवावा लागतो, आणि आषाढात बामणोलीच्या अंगाला उतरायचं तर साध्या पिकअपचं काम नाही. म्हणून गेल्या मार्चमध्ये महिंद्राची जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली. घेताना चेसिस ठोकून पाहिली, धूर पाहिला, कागद पाहिले. फोर व्हील ड्राइव्ह चालतं कसं, हे मात्र कुणाला विचारलं नाही. पुढच्या चाकांच्या मधोमध आधीच्या मालकाने हाताने फिरवायचे लॉकिंग हब बसवले होते. मला वाटलं, शोभेची टोपणं असतील.

मे महिन्यात आवाज सुरू झाला. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘टक्’. रिव्हर्समधून परत पहिल्यात आलो की पुन्हा ‘टक्’. रिकामी गाडी तीस-चाळीसच्या वेगाला आली की चिमणी ओरडावी तसं बारीक चीं-चीं. साताऱ्याला हायवेलगत एक गॅरेज होतं, नाव लिहीत नाही, तिथे गाडी नेली. मेस्त्री तरुण, बोलायला गोड. गाडीखाली वाकलाही नाही. “दादा, ट्रान्सफर केस गेलाय तुमचा.”

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला लोखंडी डबा. इंजिनाची ताकद मागच्या शाफ्टला, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याला, जाते ती त्याच्यातून, आणि छोटा लिव्हर ओढला की पुढच्या शाफ्टलाही. मी म्हणालो, कशावरून गेलाय? तो म्हणाला, चला, दाखवतो. कोरड्या, तापलेल्या डांबरी सर्व्हिस रोडवर त्याने गाडी फोर व्हीलमध्ये घातली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं. गाडी अडखळायला लागली. टायर चुरचुरले, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, मागून हिसके बसायला लागले. थांबून लिव्हर मागे ओढायला लागला तर लिव्हर निघेना. “बघा. जाम झालाय. आतले गिअर खाल्लेत. असाच चालवलात तर घाटात मधेच अडकाल.”

हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी कशाला शंका घेतोय? ४१ हजार ठरले. २० फोनवरून पाठवले, २१ रोख दिले. बिल म्हणून वहीचा एक फाटका कागद मिळाला.

नऊ दिवसांनी गाडी आली. डबा रुपेरी रंगाने चकचकत होता. एका गोणपाटात गुंडाळून दात तुटलेला गिअर हातात दिला, “हा तुमचा जुना.” मग त्याच रस्त्यावर, तसंच फोर व्हीलमध्ये घालून, तसंच स्टिअरिंग वळवून दाखवलं. गाडी लोण्यासारखी वळली. लिव्हर दोन बोटांनी निघाला. टक् नाही, चीं-चीं नाही. मी त्याला वर चहापाण्याचे दोनशे दिले, हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात.

जूनच्या शेवटाला वीस गोणी युरिया घेऊन कास ओलांडलं आणि खाली एका वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागलो. तांबड्या चिखलात गाडी बसली. फोर व्हील टाकलं. मागची चाकं जागेवर फिरून खड्डा करत होती आणि पुढची नुसती उभी. गाववाले बघत होते. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली, त्याचे दीड हजार वेगळे. परत येताना पहिला गिअर टाकला आणि खालून ओळखीचा आवाज आला. टक्.

मेहुण्याने कोरेगावच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे नेलं. त्यांचं आयुष्य जीपखाली गेलेलं. त्यांनी आधी सपाट जागी चाकांना दगड लावायला सांगितलं, मग खाली सरकून मागचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी उलटसुलट पिळला. टक्, टक्. दोन्ही टोकांच्या क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्ट जोडणाऱ्या अधिकच्या चिन्हासारख्या सांध्यात, डोळ्यांना दिसेल इतका खेळ, आणि क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस गंजाची भुकटी. आतलं ग्रीस संपून बारीक रोलर सुके घासले की अशी भुकटी बाहेर येते. चीं-चीं त्या सुक्या घासण्याचीच होती. पहिल्या मेस्त्रीने निप्पलमधून भरपूर ग्रीस मारलं, ते काही आठवडे पुरलं.

मग ते डब्याकडे वळले. नखाने रुपेरी रंग खरवडला. रंगाखाली वाळलेला चिखल निघाला. बोल्ट आणि डब्याची शिवण यांच्यावरून रंगाचा एकच अखंड थर, कुठे पान्याची खूण नाही, जोडात नवं गॅस्केट नाही. ड्रेनचा बोल्ट सैल केला तर डांबरासारखं काळं ऑइल. बिलात नवीन ऑइलचे पैसे होते.

“आवो शेठ, ह्यो डबा कुणी उघडल्यालाच न्हाई,” ते म्हणाले. मी म्हणालो, पण मी स्वतः गाडी जाम झालेली पाहिली! ते हसले आणि पुढच्या चाकावरची माझी शोभेची टोपणं दाखवली. दोन्ही ‘फ्री’वर होती.

तिथेच मला सगळा खेळ उमगला. असल्या जुन्या गाडीत फोर व्हील लागलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. वळणावर मात्र पुढची चाकं बाहेरून मोठा फेरा घेतात, मागची आतून जवळचा. चिखलात टायर घसरून तो फरक भरून काढतो. कोरडं डांबर घसरू देत नाही, मग ताण शाफ्टमध्ये साठतो, गाडी हिसके देते, लिव्हर अडकतो. चार-दोन फूट रिव्हर्स घेतली की तो ताण सुटतो. म्हणजे मला रोग म्हणून जे दाखवलं ते धडधाकट फोर व्हीलचं लक्षण होतं. आणि ‘दुरुस्ती’नंतर त्याने हब फिरवून पुढची चाकं शाफ्टपासून मोकळी सोडली होती, त्यामुळे गाडी खुशाल वळली. धड होतं तेव्हा बिघडलेलं वाटलं, बंद करून ठेवलं तेव्हा दुरुस्त वाटलं. हातचलाखी म्हणून दाद द्यावी अशीच आहे.

माझीही त्यात भर होती. मागचे टायर नवे, पुढचे झिजलेले. व्यासात एक सेंटिमीटरचा फरक असला तरी फेऱ्याला तीन सेंटिमीटर पडतो. असा टायर किलोमीटरला साडेचारशे फेरे घेतो, म्हणजे फोर व्हीलमध्ये सरळ रस्त्यावरसुद्धा किलोमीटरमागे चौदा मीटरची ओढाताण.

मला खात्री पटावी म्हणून म्हाताऱ्यांनी मागचा शाफ्ट पूर्ण काढला, हब लॉक केले, फोर व्हील टाकलं आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर शंभरेक पावलं सरळ चालवली. एकदम गप्प. “डबा मेला असता तर पुढच्या चाकांस्नी ताकद कुठनं आली असती?” हा प्रयोग कुणी घरी करणार असाल तर एक लक्षात घ्या: मागचा शाफ्ट काढल्यावर टू व्हीलमध्ये गाडी गिअरला टाकून उभी केली तरी उतारावर थांबत नाही. दगड आधी, शाफ्ट नंतर. डबा खरंच उघडायचा म्हणाला तर आधी बोल्टांचे जवळून फोटो काढा, जुनं ऑइल आपल्यासमोर भांड्यात काढायला लावा, आणि जमलं तर डबा उघडेल त्या दिवशी तिथेच बसून राहा. मी नऊ दिवसांत एकदाही गेलो नाही.

दोन क्रॉस, ऑइल आणि मजुरी मिळून म्हाताऱ्यांनी २,६०० घेतले.

साताऱ्याला परत गेलो तेव्हा मेहुणा आणि एक वकील मित्र बरोबर होते. मेस्त्री आधी चढ्या आवाजात बोलला. मित्राने जिल्हा ग्राहक आयोगाचं नाव काढलं. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही, हेही शांतपणे सांगितलं. पण रोख दिलेल्या २१ हजारांचा माझ्याकडे पुरावा काय? तो फाटका कागद, त्यावर ना सही ना गाडीचा नंबर. मेस्त्रीलाही ते ठाऊक होतं. ओढून ताणून १२ हजारांवर मिटलं.

आम्ही निघालो तसा तो मागून आला. मला वाटलं माफी मागतोय. “दादा, तेवढा तो जुना गिअर आणून द्या ना परत.”

दिला नाही. दुकानात पावत्यांवर ठेवलाय, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.