नर्मदाकाठच्या तरंगत्या दवाखान्याची सेवा

सरदार सरोवरामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली, आणि काठावरच्या ज्या पाड्यांना धड रस्ता नाही त्यांना बोटीतल्या दवाखान्याचाच आधार उरला. गेल्या हिवाळ्यात मी एका फेरीला सोबत होतो. बोट काठाला लागताच एका आजीने पदराची गाठ सोडून गोळ्यांची रिकामी पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा परिचारिकेने पावरी या तिथल्या आदिवासी बोलीत विचारपूस करून नव्या गोळ्या कधी घ्यायच्या ते तिला बोटांवर मोजून समजावले. ही आपुलकी मी शहरात क्वचितच पाहिली आहे. मात्र डिझेलअभावी आधीची फेरी चुकली होती, आणि हे मला अक्षम्य वाटते; कारण इथे फेरी चुकली की अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून डोंगर चढावा लागतो.