48 लाखांची गाडी, 19 लाख 60 हजारांना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लहानसं मशीन शॉप आहे. जुनं लेथ घ्यायचं तर बेडवर डायल लावून झीज बघितल्याशिवाय मी पैसे काढत नाही. गेल्या दिवाळीआधी मर्सिडीज सी 220 डी घेतली, तेव्हाही तेच केलं. 2018 च्या शेवटाची गाडी, एमएच 09, एकच मालक, 68 हजार किलोमीटर.

फाईलमध्ये पहिल्या मालकाचं मूळ बिल होतं. एक्स-शोरूम 40 लाख. त्यावर डिझेलचा 15 टक्के रोड टॅक्स म्हणजे 6 लाख, वर इन्शुरन्स आणि बाकीचं, रस्त्यावर यायला 48 च्या आसपास. टॅक्स तर पहिल्याच दिवशी गेला. आमच्या सीएला विचारलं तर तो म्हणाला, दरवर्षी 15 टक्के घसारा काढला की सात वर्षांनी वहीत 100 चे 32 उरतात. म्हणजे साडेपंधरा लाख. कारखानदार एवढ्या सहज गाडी का सोडतात ते तेव्हा कळलं.

दुकान हायवेला, नाव लिहीत नाही. तिथल्या पोरानं आधी 23 सांगितले, वर "जीएसटी 18 टक्के वेगळा, साहेब." सगळ्या किमतीवर! म्हटलं, भावा, जुन्या गाडीचा जीएसटी तुझ्या मार्जिनवर असतो, माझ्या खिशावर नाही. मग त्यानं इन्शुरन्सचा कागद पुढं केला, "आयडीव्हीच 21 लाख हाय." आयडीव्ही म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत. पाच वर्षांनंतर ती विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते, तो काय बाजारभाव नव्हे. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या मोठ्या सेडानचा कर 48 वरून 40 टक्क्यांवर आला, म्हणजे नवीच पाच टक्के उतरली, मग जुनी का उतरणार नाही? या मुद्द्यावर मात्र तो गप्प झाला.

शेजारीच तसलीच गाडी 16 लाखांना उभी होती. घरची मंडळी तिच्याकडेच बघत होती. मी मागच्या सीटचा बेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट गाळाची रेघ. सीटच्या रुळांना गंज, आणि डिकीतला गालिचा उचलला तर तो वास. 2019 ला पुराचं पाणी उतरल्यावर नागाळा पार्कात बहिणीच्या घरात तोच वास होता, कोल्हापूरकराला तो शिकवावा लागत नाही. 2021 च्या पुरात ही गाडी बुडाली असणार. पोरगा म्हणाला, "वॉशिंगचं पाणी गेलंय." बरं.

दिल्ली पासिंगची एक 14 लाखांत मिळत होती. तिकडं दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, म्हणून त्या स्वस्तात इकडं यायच्या. पण एनओसी, पासिंग, इथला टॅक्स पुन्हा. तो नाद सोडला. भाव पडलेला चालतो, फक्त तो कशानं पडला ते कळलं पाहिजे. माझ्या गाडीचा पडला तो टॅक्सनं आणि वयानं, पाण्यानं नाही.

आता गाडीबद्दल. इंजिन बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमात बसणारं; तो नियम एप्रिल 2020 ला लागू झाला, हे त्याच्याही आधीचं. पुण्याला जाताना 100 वर धरली की मागं बसलेली आई झोपते, खंबाटकी आला तरी उठत नाही. गावात मात्र जीव खालीवर होतो. आमच्या गल्लीतला गतिरोधक कुणी घातलाय देव जाणे, तिरकी काढली तरी पोट घासतं.

टायरवर 3618 छापलेलं होतं, म्हणजे 2018 चा 36 वा आठवडा. नक्षी भरपूर, पण रबर वाळून चिरलेलं. घेतानाच तो आकडा वाचला असता तर भाव अजून उतरवता आला असता, ही माझीच चूक. चार टायरला 76 हजार गेले. गाडी 20 लाखांची झाली तरी टायर 48 लाखांच्या गाडीचेच लागतात. आमच्या मिस्त्रीनं बिल बघितलं आणि म्हणाला, "एवढ्यात माझी टू-व्हीलर आली असती."

गाडीला पाचपैकी चार. दुकानाला दोन, तेही कागद वेळेत नावावर करून दिले म्हणून. परवा त्याच पोराला सहज फोन केला, आज द्यायची झाली तर किती?

"सोळा, साहेब. मार्केट डाऊन हाय."