स्टार वॉर्सची मूळ त्रयी ४केमध्ये: काय बदललंय, काय बघावं, कशासाठी थांबावं

‘स्टार वॉर्स’चे १९७७, १९८० आणि १९८३ चे तीन चित्रपट आज ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरी बसून बघायचे, तर सरळ रस्ते दोन. एक जिओहॉटस्टार, दुसरा परदेशातून मागवलेल्या ४के डिस्क. दोन्हींच्या मुळाशी आवृत्ती एकच, २०१९ च्या नोव्हेंबरात डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा आलेली. २०२० च्या ४के डिस्कवरही तीच आहे. चित्राच्या दर्जाबाबत हे तीन चित्रपट याआधी घरात इतके चांगले कधी दिसले नव्हते. पण १९७७ साली थिएटरात जे दाखवलं गेलं ते हे नाही, आणि नाव नि साल मात्र त्याचंच लागतं.

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीची डागडुजी होते तेव्हा गळकी भिंत नि गंजलेला पाइप बदलतात. पुनर्विकास झाला की पत्ता तोच राहतो, घर नवं येतं. जनक जॉर्ज लुकास यांनी बदलून पुन्हा आणलेल्या १९९७ च्या ‘स्पेशल एडिशन’पासून या चित्रपटांवर ही दोन्ही कामं एकदम झाली आहेत, आणि ती वेगळी करून मिळत नाहीत. चाहत्यांच्या वादात बहुतेक वेळा हाच फरक हरवतो. ‘बदल केला’ म्हणून सरसकट चिडणारे आणि ‘दिग्दर्शकाचा हक्क’ म्हणून सरसकट मान डोलावणारे, दोघांनाही प्रत्येक बदल सुटा करून बघायची गरज आहे.

आधी डागडुजी, कारण ती खरंच उत्तम झाली आहे. मूळ चित्रपटातली यानं, तारे, लेझर हे सगळे वेगवेगळे चित्रित करून फिल्मवरून फिल्म छापणाऱ्या ऑप्टिकल प्रिंटरवर एकावर एक चढवलेले होते. प्रत्येक थराला फिल्मची एक पिढी खर्ची पडते, म्हणजे दाणे वाढतात आणि रंग उतरतात. म्हणूनच त्या कामासाठी मोठ्या चौकटीची व्हिस्टाव्हिजन फिल्म वापरली होती. तरीही जुन्या व्हिडिओ कॅसेटवर टाय फायटर या शत्रूच्या लढाऊ यानांभोवती फिकट चौकोन दिसायचे. ‘एम्पायर’मधल्या, म्हणजे १९८० च्या दुसऱ्या चित्रपटातल्या, होथ या बर्फाळ ग्रहावरच्या लढाईत पांढऱ्या बर्फावर काळ्या कडा उठून दिसू नयेत म्हणून मॅटची, म्हणजे यानाचा आकार वेगळा काढणाऱ्या काळ्या थराची, घनता कमी ठेवली होती, परिणामी स्नोस्पीडर यानाच्या कॉकपिटच्या आरपार बर्फ दिसायचा. नायक ल्यूकच्या लँडस्पीडर या तरंगत्या गाडीखालची चाकं लपवायला लेन्सवर व्हॅसलीन फासलं होतं, त्याचा गुलाबी डाग पडद्यावर राहिला होता. हे सगळं १९९७ पासून नीट झालंय. यातल्या कशालाही कुणी जाणकार चाहता विरोध करत नाही. ‘एम्पायर’मधल्या क्लाउड सिटीच्या कोऱ्या भिंतींना खिडक्या पाडून बाहेरचं आकाश दाखवलं, ते खरं तर पुनर्विकासात मोडतं, पण शहराला त्यामुळे उंची आली. तो बदल आम्हाला मान्य आहे.

आता पुनर्विकास. पहिल्या चित्रपटात दोन जागा सर्वांत जास्त दुखावतात.

ग्रीडो हा बक्षिसासाठी माणसं पकडणारा हान सोलोला गुत्त्यात गाठतो, तो प्रसंग सगळ्या चाहत्यांना माहीत असतो, पण त्याच्या किती आवृत्त्या झाल्या हे नाही. १९७७ मध्ये टेबलाखालून हान सोलो एकटाच गोळी झाडतो. १९९७ मध्ये ग्रीडो आधी झाडतो, हातभर अंतरावरून त्याचा नेम चुकतो. २००४ च्या डीव्हीडीत दोन्ही गोळ्या जवळजवळ एकदम. २०१९ मध्ये तेच, शिवाय गोळीआधी ग्रीडोच्या तोंडी ‘मॅक्लंकी’ असा एक शब्द. या ताज्या रूपाने काहीच सुधारलं नाही. आधीच कापाकापी झालेल्या क्षणात आणखी एक ठिगळ. हान हा पैशासाठी काम करणारा, स्वतःचा जीव आधी बघणारा माणूस आहे, म्हणूनच शेवटच्या लढाईत त्याचं परत येणं मोठं ठरतं. सुरुवातीची पायरी उंच केली की चढण कमी होते.

हान ज्या गुंडाचं देणं लागतो त्या जब्बाच्या भेटीचा प्रसंग त्याहून वाईट. तो १९७६ मध्ये डेक्लन मुल्होलंड या नटाला उभा करून चित्रित झाला होता आणि मूळ चित्रपटातून गळला होता. १९९७ मध्ये मुल्होलंडच्या जागी कॉम्प्युटरचा जब्बा बसवला. हॅरिसन फोर्ड चित्रीकरणात त्या नटाच्या मागून चालत गेला होता. जब्बाला शेपूट, म्हणून फोर्डची आकृती डिजिटली वर उचलून शेपटीवर पाय दिल्यासारखं केलं. डोळ्याला ती उचल आजही कळते, आणि ४केमध्ये जास्तच. २००४ मध्ये जब्बा पुन्हा नव्याने घडवला, तरी तो शॉटमध्ये बसत नाही, कारण मूळ प्रकाशयोजना आणि नजरेची उंची माणसासाठी होती. पण खरा तोटा पटकथेचा आहे. ग्रीडोशी झालेलंच बोलणं इथे परत होतं, अगदी एक वाक्य तसंच्या तसं. आणि हानचं मिलेनियम फाल्कन यान मागे आधीच दिसून जातं. मूळ चित्रपटात फाल्कन पहिल्यांदा दिसतं ते ल्यूकबरोबर, आणि लगेच तो त्याला भंगार म्हणतो. ती गंमत नवीन आवृत्तीत वाया जाते.

छोट्या खटकणाऱ्या गोष्टींमध्ये: दरीत लपलेल्या आरटू-डीटू या छोट्या रोबोसमोर २०११ च्या ब्लू-रेपासून डिजिटल दगड आले, ते पुढच्या शॉटमध्ये गायब असतात. डेथ स्टार हा शत्रूचा अवकाशतळ फुटताना निघणारं कडं १९९७ चं आहे. तेही नसतं तर बिघडलं नसतं.

‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ तिघांत सर्वांत कमी हात लागलेला, आणि म्हणून ४केमध्ये सर्वांत समाधान देणारा. वाम्पा हा बर्फातला प्राणी आता गुहेत पूर्ण दिसतो. मूळात तो अर्धवट दिसायचा आणि जास्त भीती वाटायची. खलनायक सम्राटाच्या होलोग्राममध्ये २००४ पासून इयन मॅकडायर्मिड आला. पुढच्या चित्रपटाशी चेहरा जुळावा हे कारण समजतं, पण संवादही बदलले, आणि क्लाइव्ह रेव्हिलचा तो थंड आवाज गेला. बोबा फेट या भाडोत्री शिकाऱ्याचा जेसन विनग्रीनने दिलेला आवाज काढून टेमुएरा मॉरिसनचा घातला. कमी बोलला गेलेला, पण फार नुकसान करणारा बदल शेवटाकडे आहे: ल्यूक निसटल्यावर सम्राटाचा सरदार व्हेडर मूळात शटल आणा एवढंच, दातओठ खात म्हणतो. १९९७ पासून तिथे लांब, शांत वाक्य आणि व्हेडरचा यानातून जायचा प्रवास घुसवलाय. फाल्कनच्या पळापळीची लय त्याने मोडते. आनंदाची गोष्ट इतकीच की १९९७ मध्ये ल्यूक खाली उडी घेताना जी किंकाळी टाकली होती, ती २००४ मध्ये काढली. ल्यूक तिथे स्वतःहून पडणं निवडतो. किंकाळीने त्याचा अपघात झाला होता.

‘रिटर्न ऑफ द जेडाय’ मात्र सर्वांत जास्त बिघडलाय. जब्बाच्या दरबारातलं ‘लाप्टी नेक’ गाणं जाऊन त्या जागी ‘जेडाय रॉक्स’ आलं. गाणारी साय स्नूटल्स बाहुलीऐवजी कॉम्प्युटरची झाली आणि थेट कॅमेऱ्यात तोंड घालते. दरबारातला घामट, अंधारा धोका एका गाण्यात निघून जातो. सारलाक या वाळूतल्या खड्ड्याला चोच फुटली. शेवटी अनाकिनच्या, म्हणजे ल्यूकचा बाप असलेल्या व्हेडरच्या, आत्म्याच्या जागी सेबॅस्टियन शॉऐवजी २००४ पासून हेडन क्रिस्टेन्सन उभा असतो. ल्यूकने ज्याचा मुखवटा काढला, तो म्हातारा चेहरा त्याला परत दिसतच नाही.

पण यातला सर्वांत मोठा घाव २०११ चा आहे. सम्राट ल्यूकवर विजा सोडतोय, व्हेडर एकदा मुलाकडे, एकदा मालकाकडे बघतो. मुखवट्यावर फक्त विजेचा उजेड हलतो. चेहरा नाही, आवाज नाही, तरी आत काय चाललंय ते प्रेक्षकाला कळतं. जॉन विल्यम्सचं संगीत त्याला पुढे ढकलतं. गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात चांगलं नाटक बघितलेल्या माणसाला अशा थांबण्याची किंमत सांगावी लागत नाही. २०११ पासून तिथे व्हेडर ‘नो’ असं दोनदा ओरडतो. २०१९ मध्येही ते तसंच ठेवलंय.

शेवटच्या जल्लोषाबद्दल चाहत्यांत खरा मतभेद आहे, आणि दोन्ही बाजूंत दम आहे. इवॉक्स या अस्वलासारख्या जमातीचं ‘यब नब’ गाणं काढून विल्यम्सने १९९७ साठी नवी रचना केली. तिच्यात सुटकेबरोबर थोडी हुरहूर आहे आणि संगीत म्हणून ती वरचढ आहे. पण तिच्याबरोबर आलेली इतर ग्रहांवरची गर्दी त्या छोट्या शेकोटीभोवतीच्या निरोपाला पातळ करते. संगीत नवं आणि चित्रं जुनी मिळाली असती तर आम्ही आनंदाने घेतली असती.

मूळ आवृत्ती विकत का मिळत नाही? १९९७ च्या कामात नवे शॉट थेट मूळ निगेटिव्हमध्ये जोडले गेले, त्यामुळे जुळवलेलं निगेटिव्ह आता स्पेशल एडिशनचं आहे. म्हणून मूळ चित्रपट परत उभा करणं अशक्य होतं असं नाही. जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्याकडे जपलेली १९७७ ची टेक्निकलर प्रिंट जाहीरपणे दाखवली. जॉर्ज लुकास यांनी १९८८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग चढवण्याविरुद्ध साक्ष दिली होती, कलाकृती हा पुढच्या पिढ्यांचा वारसा आहे असं मांडून. ती भूमिका बरोबर होती, आणि ती याच तीन चित्रपटांनाही लागू आहे. तंत्रज्ञांनी, मॉडेल करणाऱ्यांनी, बाहुल्या हलवणाऱ्यांनी १९७७ मध्ये जे केलं ते बघायला मिळणं हा त्यांचाही हक्क आहे.

आता बघण्याची व्यवस्था. जिओहॉटस्टारवर ४केसाठी सर्वांत वरचा प्लॅन लागतो; लाइन २५ एमबीपीएसच्या वर स्थिर हवी, आणि शक्यतो वायफायऐवजी केबल लावा. घोडबंदर किंवा खारघरच्या नेहमीच्या हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही सात-आठ फुटांवर असतो, तिथे ४के आणि एचडीचा फरक तपशिलात कमी आणि रंगात जास्त कळेल. २००४ मध्ये आलेली निळसर-जांभळी छटा आणि चुकलेल्या लाइटसेबरचे रंग आता बरेच सुधारलेत, हा या आवृत्तीचा मोठा गुण. दोष म्हणाल तर पहिल्या चित्रपटात फिल्मचे दाणे जास्त पुसलेत, त्यामुळे काही चेहरे मेणासारखे गुळगुळीत. टीव्हीवर फिल्ममेकर मोड लावा, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, आणि मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, बंदच करा. सॅमसंगवर त्याला ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो म्हणतात. ते चालू राहिलं तर मॉडेलची यानं खेळण्यासारखी दिसतात आणि दोष चित्रपटाच्या माथी बसतो.

डिस्क मागवणार असाल तर ४के डिस्कला रीजन कोड (कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ती खूण) नसतो, पण संचातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतो. भारत रीजन सीमध्ये येतो. पीएस४ ४के डिस्क वाचत नाही. डिस्क ड्राइव्हवाला पीएस५ वाचतो. कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरूनच किंमत ठरवा.

मूळ रूप अधिकृतपणे हवं असेल तर व्यवहारात एकच मार्ग आहे: २००६ च्या दोन डिस्कवाल्या डीव्हीडी. पहिल्या डिस्कवर बदललेली आवृत्ती, दुसरीवर मूळ, आणि तीही लेझरडिस्क या डीव्हीडीआधीच्या मोठ्या डिस्कसाठी १९९३ मध्ये केलेल्या मास्टरवरून. ती अॅनामॉर्फिक नाही. म्हणजे आजच्या रुंद टीव्हीवर चारही बाजूंनी काळं, चित्राची रुंदी पाऊणच उरते, आणि प्रत्यक्ष चित्राला सुमारे २७० ओळी मिळतात. ४केत त्या १६०० च्या आसपास असतात. टीव्हीचा झूम मोड लावून चित्र भरून घ्या, शार्पनेस वाढवू नका. हलत्या वस्तूंमागे पुसटशी शेपूट दिसेल, ती त्या मास्टरवर केलेल्या नॉइज कमी करण्याच्या प्रक्रियेची. अमेरिकी डिस्क रीजन १ ची असते, डीव्हीडीत आपला रीजन ५, त्यामुळे प्लेअर मल्टिरीजन लागतो. रद्दीच्या दुकानात किंवा ऑनलाइन जुना माल घेताना दुसरी डिस्क आत आहे ना हे उघडून बघा. खालची बाजू जांभळट असेल तर ती घरी जाळलेली नक्कल समजा. खाडीकाठच्या दमट हवेत जुन्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढते. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडही जातो.

चाहत्यांनी ३५ मिमीच्या जुन्या प्रिंट स्कॅन करून ‘४के७७’ वगैरे नावांनी मूळ चित्रपट परत उभे केलेत. चिकाटीचं आणि प्रेमाचं काम, पण हक्क त्यांच्याकडे नाहीत, त्यामुळे ते विकत घ्या असं इथे सुचवता येत नाही. असा माल कुणी पैसे घेऊन विकत असेल तर तो चाहत्यांच्या नियमालाही धरून नाही.

पहिला चित्रपट ५० वर्षांचा होतोय, आणि लुकासफिल्मने २०२७ मध्ये १९७७ चीच आवृत्ती दुरुस्त करून थिएटरात आणायचं जाहीर केलंय. त्यामुळे तिन्हींचा महागडा संच आत्ता घेऊ नका. ‘एम्पायर’ आज बिनधास्त ४केत बघा. ‘जेडाय’ची २००६ ची डीव्हीडी मिळाली तर ती सोडू नका. आणि पहिला चित्रपट मुलांना दाखवायचाच असेल, तर रिमोट हाताशी ठेवा: हँगरमध्ये जब्बा दिसतो तिथून ल्यूक आणि ओबी-वान तिथे पोचेपर्यंत सरळ पुढे सरकवा. कथेतला एकही धागा तुटत नाही, आणि फाल्कन मुलांना ल्यूकबरोबरच पहिल्यांदा दिसतं.