किलपेक की लाँग मेलफर्ड?

इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरचं किलपेकचं चर्च ११४० च्या सुमाराचं. लाल वालुकाश्माचं, एवढंसं. पण छपराखाली ओळीने कोरलेल्या दगडी तोंडांपाशी पाय थबकतात. कुत्रा आणि ससा तर शेजारी शेजारी, जिवलगांसारखे! दाराच्या खांबांवर वेलींत गुंतलेले योद्धे.

तिथल्याच सफोकमधलं लाँग मेलफर्डचं चर्च पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. लोकरीच्या व्यापाराचा पैसा, उंच खिडक्यांची रांग, बाहेर गारगोटीच्या भिंतीत बसवलेली देणगीदारांची नावं. मनोरा मात्र १९०३ मध्ये पुरा झालेला. ससे इथेही आहेत: रंगीत काचेत तिघे, मिळून कान तीनच, तरी प्रत्येकाला दोन दिसतात.

उजेड आणि भव्यता हवी तर मेलफर्ड. माझा जीव किलपेकवर. तिथे दगडावर कारागिराचा हात अजून जाणवतो.