संयुक्त परदेशी निधी: दोन सरकारांची योजना बरी की भागीदाराच्या अनुदानातला वाटा?

तुम्ही झाडीपट्टीतल्या एखाद्या अनुदानित खासगी कॉलेजात शिकवता, बाहेरच्या विद्यापीठातला एक माणूस तुमच्या विषयात मनापासून रस घेतोय आणि आता गाडी पैशापाशी येऊन थांबलीय, असं धरून लिहितो. मार्ग साधारण दोन आहेत. दोन्ही देशांच्या यंत्रणांनी मिळून काढलेल्या योजनेत अर्ज करायचा, जसं आपलं डीएसटी (केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग) आणि जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था डाड. नाहीतर भागीदाराने तिकडच्या एखाद्या फाउंडेशनकडून मोठं अनुदान आणायचं आणि त्यात आपला वाटा ठेवायचा. मी दोन्हीकडे हात घालून पाहिलाय. विषय मामा (माजी मालगुजारी) तलावांचा: तळाचा गाळ, पाणवनस्पती, बेशरमीच्या झुडपांनी गिळलेल्या पाळी, म्हणजे बांध.

नुसती रक्कम बघाल तर दुसरा मार्ग केव्हाही सरस. त्यात प्रोजेक्ट असिस्टंटचा पगार बसतो, उपकरण बसतं, गाडीचं डिझेलसुद्धा बसतं. डीएसटी-डाडमध्ये येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च मिळतो, तोही साधारण दोन वर्षांसाठी. रसायनाची एक बाटली त्यातून येत नाही. तरुण संशोधकांना पाठवण्यावर भर असतो, ते मात्र आमच्याकडच्या पोरांच्या फार कामाचं. ज्या मुलीने नागपूरपलीकडे प्रयोगशाळा पाहिली नाही, ती तिथल्या मशीनवर स्वतः नमुने चालवून येते.

मग मी पहिल्याकडे का झुकलो? एफसीआरएमुळे.

परदेशी फाउंडेशनचा पैसा कॉलेजच्या नेहमीच्या खात्यात घेता येत नाही. त्यासाठी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची 2010 च्या परदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजेच एफसीआरएखाली, नोंदणी लागते, नाहीतर त्या एका रकमेपुरती पूर्वपरवानगी. 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा उतरतो तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात, आणि सगळ्या पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक द्यावे लागतात. कागदावर वाचलं तर यात अवघड काही नाही. पण पदाधिकारी कोण? आमच्या संस्थेत दोन गट. निवडणुकीनंतर धर्मादाय आयुक्तांकडे दिलेल्या चेंज रिपोर्टवर (पदाधिकारी बदलल्याच्या नोंदीवर) दुसऱ्या गटाने हरकत घेतलेली, प्रकरण सुनावणीत. एक गट ज्यांना अध्यक्ष म्हणतो त्यांना दुसरा गट माजी अध्यक्ष म्हणतो, आणि दोघांचेही लेटरहेड छापून तयार! सही कोणाची घ्यायची?

तिकडून भागीदाराचे मेल सुरूच. आधी अगदी मोकळेपणाने, ‘बँकेचा तपशील पाठवा, बाकी मी बघतो.’ मग त्याच्या विद्यापीठाच्या अनुदान विभागाचा मेल, त्याला जोडलेला फॉर्म, आणि त्या फॉर्मात ‘अधिकृत स्वाक्षरीकर्ता’ अशी एक चौकट. त्या चौकटीशीच सगळं अडलं. एका हितचिंतकाने सुचवलं की ओळखीच्या एनजीओकडे एफसीआरए आहे, तिच्या खात्यातून इकडे वळवा. पण परदेशी अंशदान असं दुसऱ्याच्या हाती देणंच त्या 2020 च्या दुरुस्तीने बंद केलंय. आमचे अकाउंटंट बाबू तर सुरुवातीपासून म्हणत होते, ‘सर, हे पैसे आपल्या हेडात बसतच नाहीत, कायले लागता यांच्या मागे?’

सरकारी योजनेत हा प्रश्नच उठत नाही. भारतीय बाजूचा खर्च भारत सरकार रुपयांत करतं, जर्मन बाजूचा जर्मनी. सही प्राचार्यांची चालते. शेवटी जीएफआरच्या, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांच्या, 12-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, जे आपल्या ऑफिसला तोंडपाठ असतं.

आणखी एक गोष्ट, विशेषतः जीवशास्त्रवाल्यांसाठी. तलावातली वनस्पती किंवा गाळातले जिवाणू परदेशी माणसाच्या हाती द्यायचे तर जैवविविधता कायदा 2002 आडवा येतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणारा आणि केंद्राने मान्य केलेला सहयोगी प्रकल्प कलम 5 मुळे यातून सुटतो. फाउंडेशनच्या पैशावरच्या प्रकल्पाला ही वाट सहसा नसते.

पहिल्या मार्गाला खोडी नाहीत असं नाही. तुम्ही डीएसटीकडे आणि भागीदाराने डाडकडे, असे दोन स्वतंत्र अर्ज त्या त्या मुदतीत जावे लागतात. एक राहिला की दुसराही बाद. दोघांनाही पसंत पडलं तरच मंजूर. शिवाय पाहुणा आला की त्याला ठेवायचं कुठे? परदेशी माणूस मुक्कामी असला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला फॉर्म भरून कळवावी लागते, आणि तालुक्याच्या लॉजवाल्याला ती कटकट नको असते. आमचा पाहुणा नवेगाव बांधच्या इतका जवळ येऊन मुक्कामाला गोंदियालाच राहिला.

साधनसामग्रीही हवी असेल तर भारत-फ्रान्सचं संयुक्त संशोधन निधी देणारं इंडो-फ्रेंच केंद्र पाहा. 1987 पासूनचं आहे, दोन्ही बाजूंचा एकच संयुक्त प्रस्ताव घेतं, पण स्पर्धा आयआयटी-आयसरशी. परदेशी सहयोगासाठीच्या केंद्राच्या स्पार्क योजनेत एनआयआरएफची (संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतली) रँक विचारतात, म्हणजे आपल्यासारख्यांनी तो नाद सोडलेला बरा. युरोपियन युनियनच्या होरायझन युरोप या संशोधन कार्यक्रमात भारतीय संस्थेला आपोआप निधी मिळत नाही; बहुतेकदा नाव असतं आणि खर्च आपला.

तुमच्या संस्थेची एफसीआरए नोंदणी चालू असेल आणि कार्यकारिणीत भांडण नसेल, तर मी सांगितलेलं बाजूला ठेवा आणि खुशाल मोठ्या अनुदानात वाटा घ्या. नसेल, तर निदान पहिल्या वेळी तरी मी छोटी सरकारी योजनाच घेईन आणि रसायनांसाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज टाकेन. भागीदाराला मात्र आधीच विचारून घ्या की तिकडचा अर्ज तो स्वतः भरणार की त्याचं ऑफिस, आणि दोन्ही अर्जांवर प्रकल्पाचं शीर्षक अक्षर न् अक्षर सारखं ठेवा.